डाग, नक्षी आणि वल्हें

लांकडावर तापलेल्या लोखंडानें रेघा उठवून चित्र काढण्याच्या कलेस इंग्रजींत 'पायरोग्राफी' असें नांव आहे. मराठींत तिला तप्तलोहचित्रण म्हणतां येईल. पण हा शब्द सुतारलोहारांच्या तोंडीं बसणारा नव्हे. 'डागकाम' म्हणावें तर सोनार व तांबट तो शब्द सांधा जोडण्याकडे लावतात. म्हणून प्रस्तुत लेखांत 'डागनक्षी' हा साधा शब्द योजिला आहे. उत्तर अमेरिकेंत हल्लीं लहान नावेच्या वल्ह्यावर विजेच्या लेखणीनें अशी नक्षी करण्याची हौस बरीच आहे. आपल्या देशांत वल्हें प्राचीन, डाग प्राचीन आणि नक्षीहि प्राचीन. परंतु तिघांच्या वाटा वेगवेगळ्या गेल्या. त्या कां गेल्या याचा विचार केल्यास जुन्या लांकडी वस्तूंचा संग्रह करणारांस कांहीं उपयोग होईल, या हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

जानेफळ हें बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यांतील गांव. वल्ह्याचा विचार करण्यास हें स्थळ विचित्र वाटेल. अजिंठ्याच्या डोंगररांगेंत उगम पावलेली पैनगंगा मेहकरावरून जाते, पण या वरच्या टापूंतील नदीनाल्यांचा जोर पावसाळ्यापुरता. कौटिल्यानें नावाध्यक्षाच्या प्रकरणांत अशा नद्यांचा वेगळा विचार केला आहे. मोठ्या, बारमाही नद्यांवर शासक, नियामक, दात्र व दोर धरणारे आणि पाणी उपसणारे अशा माणसांसह मोठ्या नावा ठेवाव्या, व केवळ पावसाळ्यांत वाहणाऱ्या लहान नद्यांवर लहान नावा ठेवाव्या, असें तो सांगतो. आमचा मुलूख या दुसऱ्या सदरांत पडतो. तथापि हेंच पाणी पैनगंगेंतून वर्धेंत, वर्धेंतून प्राणहितेंत आणि तेथून गोदावरींत जातें. आणि त्याच गोदावरीस पुढें इंद्रावती मिळते, जिच्या कांठीं डोंगा व डागनक्षी या दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं नांदतात. म्हणून पाण्याच्या ओघानेंच हा विषय पुढें नेतों.

प्रथम शब्दांकडे पाहूं. एका खोडाची कोरलेली नाव ती विदर्भांत डोंगा. चोखोबांच्या सर्वतोमुखीं असलेल्या अभंगांत हाच शब्द 'वाकडा' या अर्थीं येतो. चोखोबांचें जन्मस्थान परंपरेनें ज्या मेहुणा राजा गांवीं सांगतात तें आमच्याच जिल्ह्यांत, देऊळगांव राजा तालुक्यांत आहे. एकाच प्रांतांत एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत, एवढेंच येथें नमूद करतों. वल्ह्यास संस्कृतांत अरित्र व क्षेपणी हे शब्द आहेत; ऋग्वेदांत अश्विनांनीं भुज्यूस समुद्रांतून सोडविलें त्या नावेस 'शतारित्रा' म्हटलें आहे. शंभर वल्ह्यांची नाव ही कल्पना लक्षांत ठेवावी. तिचें काम पुढें पडेल.

'डाग' हा शब्द अधिक बोलका आहे. भाजल्याचा वण तो डाग, कपड्यावर पडला तो डाग, सोनारानें सांधा जोडला तो डाग, आणि अंगावर घालावयाचा सोन्याचा जिन्नस तोहि डागच. फारसी 'दाघ' आणि संस्कृत 'दह्' हीं एकाच मुळाचीं अपत्यें आहेत, त्यामुळें मराठींत देशी 'डाग' व फारसी 'दाग' यांची सरमिसळ सहज झाली. 'दागिना' या शब्दाचा मूळ अर्थ खूण करून मोजदादींत घेतलेला नग असा असावा, असें माझें मत आहे. तें मान्य झालें नाहीं तरी एक गोष्ट उरतेच. मराठी भाषेंत जळक्या खुणेचा आणि मोजलेल्या, मालकीच्या वस्तूचा वाचक शब्द एकच आहे.

ही मालकीची बाजू फार जुनी आहे. गुरांना खूण करण्याची चाल अथर्ववेदांत दिसते, पण तेथें ती सुरीनें कान कापून केलेली आहे. कौटिल्याचा गोऽध्यक्ष प्रत्येक जनावराची स्वाभाविक व केलेली खूण, रंग आणि शिंगांमधील अंतर हीं नोंदून ठेवतो. अशोकाच्या पांचव्या स्तंभलेखांत, म्हणजे राज्याभिषेकास सव्वीस वर्षें झाल्यानंतरच्या लेखांत, तिष्य व पुनर्वसु या नक्षत्रांच्या दिवशीं, चातुर्मासींच्या दिवशीं व त्यांच्या पक्षांत घोडे आणि बैल यांस डाग देऊं नये अशी आज्ञा आहे. ठराविक दिवशीं बंदी घालावी लागते याचा अर्थ उरलेल्या दिवशीं तें काम राजरोस चालत होतें. वृषोत्सर्गांत सोडावयाच्या बैलाच्या अंगावर चक्र व त्रिशूळ उमटवितात. हाहि दानाचा पुरावाच. माध्व संप्रदायांत शयनी एकादशीस तापलेल्या धातूच्या शंखचक्रांकित मुद्रा अंगावर घेतात, ती भक्तानें देवाच्या मालकीची दिलेली कबुली. चोरीबद्दल कपाळावर डाग देण्याची शिक्षा धर्मशास्त्रांत व अर्थशास्त्रांत आहे. वैद्यकी म्हणून डागण्याची चाल मात्र निराळी व दुष्ट आहे. मेळघाटांत आजारी तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या विळ्यानें चटके देण्याचा प्रकार अलीकडेपर्यंत वारंवार उघडकीस आला आहे. त्याचें समर्थन कोणत्याहि परंपरेच्या नांवानें होऊं नये.

या सर्व पुराव्यांत मला 'आईन-इ-अकबरी'चा पुरावा सर्वांत मोलाचा वाटतो. अकबरानें १५७३-७४ च्या सुमारास लष्करी घोड्यांस डाग देण्याची पद्धत कडक केली. तिच्या आधीं अलाउद्दीन खिलजी व शेरशहा यांनीं ती चालविलीच होती. हेतु सरळ होता. हजिरीस दाखविलेलें घोडें दुसऱ्या सरदाराच्या तुकडींत पुन्हां उभें करून पैसे उकळतां येऊं नयेत. परंतु अबुल फजल डागाच्या आकृतींचा क्रम देतो तो पाहण्यासारखा आहे. आरंभीं 'सीन' या अक्षराचा दांतेदार माथा घोड्याच्या मानेवर उमटवीत. मग कांहीं काळ एकमेकांस काटकोनांत छेदणारे दोन 'अलिफ'. मग दोरी उतरलेल्या धनुष्यासारखी आकृति. आणि शेवटीं लोखंडाचे अंक करून तेच डागूं लागले. म्हणजे अक्षर, आकृति आणि अंक असा हा प्रवास झाला. ही विस्तवानें लिहिलेली मोडीच म्हणावयाची! योगायोग असा कीं, या एकाच ग्रंथांत डागाचे नियम आहेत, मीर-बहरीच्या म्हणजे नौकाखात्याच्या प्रकरणांत नावा व नावाड्यांचें वर्णन आहे, आणि वऱ्हाड सुभ्याच्या यादींत मेहकर हें एका सरकारचें ठिकाण म्हणून नोंदलेलें आहे.

आतां वल्ह्याकडे वळूं. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर नैरंजनेच्या पुराचा प्रसंग कोरला आहे. त्यांत नावेंतील माणसें आंखूड, हातांतलीं वल्हीं मारीत आहेत. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील चित्रांत तीन डोलकाठ्यांचें जहाज असून मागच्या बाजूस सुकाणूचें काम करणारीं मोठीं वल्हीं आहेत. मुंबईजवळ बोरिवलीच्या एकसर गांवच्या वीरगळांवर समुद्रयुद्ध कोरलें आहे, तेथें जहाजांच्या कुशींतून वल्ह्यांच्या रांगाच रांगा बाहेर पडलेल्या दिसतात. या वीरगळांचा काळ विद्वानांनीं अकराव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान निरनिराळा ठरविला आहे. सांचीचें वल्हें एका माणसाचें आहे आणि एकसरचें वल्हें रांगेंतलें आहे. या फरकाकडे आमच्या अभ्यासकांनीं पुरेसें लक्ष दिलेलें नाहीं.

मराठ्यांच्या आरमारांत हा फरक पूर्णत्वास गेला. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें गलबताचें वर्णन करतांना त्यास चाळीस-पन्नास भक्कम वल्हीं असून त्यांच्या बळावर तें ताशी ४ मैल चाले असें म्हटलें आहे. अशीं दहा गलबतें असलीं कीं वल्हीं चारशें ते पांचशें झालीं. तीं सरकारी कोठारांतून यावयाचीं, मोडल्यास बदलावयाचीं, व आज याच्या तर उद्यां त्याच्या हातीं पडावयाचीं. आज्ञापत्रांत रामचंद्रपंत अमात्यांनीं आरमाराच्या लांकडाविषयीं जें सांगितलें आहे तें सुप्रसिद्ध आहे. सागवानादि लांकूड परवानगीनें तोडावें; आंबा-फणस हीं झाडें कामाचीं खरीं, पण रयतेनें तीं लेंकरांप्रमाणें वाढविलेलीं असतात, त्यांस हात लावूं नये; मालकास राजी करून, मोल देऊन, जीर्ण झाड तेवढें घ्यावें. झाड कोणाचें हा विचार तेथें इतका बारीक आहे. पण झाडाचें वल्हें झाल्यावर तें कोणा एकाचें राहत नाहीं. आणि ज्या वस्तूस स्वतःचा धनी नाहीं तिच्यावर कोणी संध्याकाळ खर्चून नक्षी काढीत बसत नाहीं.

कोंकणांतील मच्छीमाराचें वल्हें त्याच्या स्वतःचें असतें, हें खरें. परंतु तेथें शोभेची सर्व हौस होडीच्या नाळेकडे गेली आहे. नाळेवर रंगविलेले डोळे, शेंदूर, फुलांच्या माळा, नारळी पौर्णिमेचे झेंडे. वल्हें म्हणजे बहुधा लांब दांडा व त्याच्या टोंकास बांधलेली फळी. फळी झिजली कीं बदलली. विस्तवाचा उपयोग कोंकणच्या नावबांधणींत आहे, तो फळ्या शेंकून वळविण्यापुरता. खाऱ्या पाण्यानें व रेतीनें घासल्या जाणाऱ्या पात्यावर वरवर जाळलेली रेघ टिकावी कशी? डाग खोल द्यावा तर पातळ पातें त्या जागीं कमजोर होतें. वल्हविणारा माणूस नक्षीसाठीं वल्हें मोडून घेणार नाहीं.

मग डाग शोभेसाठीं वापरला गेला तो कोठें? येथें गोदावरीचा ओघ पुन्हां धरूं. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यांतून १९८२ सालीं वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा आणि त्यास लागून असलेलें बस्तर हा इंद्रावतीचा मुलूख. भामरागडाशीं इंद्रावती, पर्लकोटा व पामुलगौतमी या नद्या मिळतात, आणि पावसाळ्यांत एका खोडाचे डोंगे हेंच तेथील कित्येक गांवांचें वाहन होतें. याच माडिया व मुरिया लोकांच्या मुलुखांत तापल्या लोखंडाची नक्षी आहे. बस्तरांत वाळलेल्या दुध्या भोपळ्याच्या तुंब्यावर तापविलेल्या सुरीचें पातें टेंकवून त्रिकोण, नागमोडी रेघा, मासे, हरणें काढतात. 'सुलूर' नांवाचा वेळूचा पोकळ दांडा हवेंत फिरविला कीं वाऱ्यानें वाजतो. त्यावरहि अशीच नक्षी असते. व्हेरियर एल्विन यांनीं १९४७ सालीं मुरियांच्या घोटुलावरचा ग्रंथ व १९५१ सालीं मध्य भारतांतील आदिवासी कलेवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघापासून त्यांचे सोबती असलेले शामराव हिवाळे हे या सर्व कामांत त्यांचा उजवा हात होते. मुरिया तरुण फण्या करून आपल्या आवडत्या मुलींस देतात, याचें विस्तृत वर्णन एल्विन यांनीं केलें आहे. फणी, तुंबा, बांसरी यांत एक गोष्ट सारखी आहे. वस्तू ज्यानें केली तोच ती बाळगतो, किंवा आपल्या हातानें दुसऱ्यास देतो. कोठार नाहीं, मोजदाद नाहीं, हजिरी नाहीं. डागास तेथें साक्ष देण्याचें काम उरलें नाहीं, म्हणून तो नक्षी होऊं शकला, असें माझें अनुमान आहे.

दुसरें कारण पदार्थाच्या जातींत आहे. वेळूवर पटाशी चालविली तर तंतु उभे फाटतात; तुंब्याची साल पातळ, ती कोरतांना तडकते. तापलेलें लोखंड न फाडतां रेघ उमटवितें. म्हणून दूरदूरच्या देशांतहि हीच जोडी आढळते. पेरू देशांत भोपळ्यांवर कोरून व जळक्या काडीनें छटा देऊन चित्रें काढतात. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागांतील मूळ रहिवासी तापलेल्या तारेनें लांकडी प्राण्यांवर व पात्रांवर रेघा उठवितात, आणि तेथें ही रीत विसाव्या शतकांत वाढली. आमच्याकडील बांसरीचीं भोकें तापलेल्या सळईनें पाडतात तेंहि याच कारणानें. ज्याच्या हातीं तापलेली सळई एकदां आली तो भोंक पाडून झाल्यावर शेजारीं दोन रेघा ओढणारच. गुराख्याच्या पाव्यावरील रेघांची उत्पत्ति यापेक्षां अधिक गूढ मानण्याचें कारण नाहीं.

संग्राहकांस प्रत्यक्ष उपयोगी पडणारा भाग आतां सांगतों. काळी रेघ दिसली कीं ती डागाची, असें समजूं नये. पोथ्या जमविणारांस याचें उत्तम उदाहरण ताडपत्रांत मिळतें. तंजावरच्या सरस्वती महालासारख्या संग्रहांतील ताडपत्रांवर अक्षरें लोखंडी लेखणीनें कोरलेलीं असून मागाहून काजळी चोळून काळीं केलेलीं असतात. तीं जाळलेलीं नव्हत. उलट त्याच ताडपत्रांची दोरीचीं भोकें पुष्कळदां तापल्या सळईनें पाडलेलीं असतात, व दक्षिणेंत आणि सिंहलद्वीपांत पानांचा गठ्ठा दाबून त्याच्या कडा तापल्या लोखंडानें शेंकून सारख्या करीत. एकाच पानावर कोरीव काजळी व खरा डाग अशा दोन्ही गोष्टी बहिर्गोल भिंगाखालीं शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात, आणि फरक एकदां डोळ्यांत बसला कीं विसरत नाहीं. कोरलेल्या रेघेचा कांठ धारदार असतो व काळेपणा एकदम थांबतो. डागाचा कांठ काळ्यांतून तपकिरींत व तपकिरींतून लांकडाच्या मूळ रंगांत विरत जातो. सागासारख्या लांकडांत वर्तुळांचा पोकळ भाग अधिक जळतो आणि घट्ट भाग कमी, म्हणून खऱ्या डागाचा तळ पायऱ्या-पायऱ्यांचा लागतो.

हातानें तापविलेलें लोखंड रेघ ओढतां ओढतां निवत जातें. त्यामुळें जुन्या डागनक्षींत रेघ आरंभीं गडद, शेवटीं फिकी. आणि जेथें लोखंड पुन्हां विस्तवांत घालून आणलें तेथें रेघ एकदम काळी. यावरून कारागिराचा हात कोणत्या दिशेनें गेला आणि त्यानें किती वेळां लोखंड तापविलें हें वाचतां येतें. विजेच्या लेखणीची रेघ आरंभापासून शेवटपर्यंत एकसारखी असते. जुन्या फणीवर किंवा जुन्या वल्ह्यावर नवी नक्षी काढून ती प्राचीन म्हणून विकणारास ही परीक्षा अडचणीची आहे. दुसरी परीक्षा भेगांची. लांकूड वाळतांना पडलेली भेग जर नक्षीची रेघ तोडून गेली असेल व भेगेच्या आंतील भिंती स्वच्छ असतील, तर डाग भेगेच्या आधींचा. भेगेच्या आंतील भिंतीहि जळलेल्या असतील तर डाग मागाहूनचा. हात जेथें रोज घासतो त्या मुठीपाशीं रेघ झिजलेली नसून ताजी असेल, तर त्या वस्तूचा वापर आणि नक्षी यांचा काळ एक नव्हे. १९४९ नंतर प्रचारांत आलेल्या कर्ब-१४ च्या पद्धतीवर येथें भिस्त ठेवूं नये. ती झाड केव्हां वाढलें तें सांगते, डाग केव्हां दिला तें सांगत नाहीं. जुन्या डोंग्याच्या फळीवर काल काढलेलें हरीणहि ती दोनशें वर्षांचें ठरवील.

सर्वांत अधिक नुकसान आम्हां संग्राहकांकडूनच होतें. वस्तू घरीं आली कीं तिला कांचकागदानें घासून तेलपाणी करण्याची खोड फार. डागाची रेघ बहुधा अगदीं उथळ, एका नखाच्या जाडीहूनहि कमी खोल असते. चार वेळां घासलें कीं रेघेचा तपकिरी कांठ जातो व उरते ती केवळ काळी चिरी, जी मग कोरीव कामापासून वेगळी ओळखूं येत नाहीं. तेलानें फिका भाग गडद होतो, म्हणजे रेघेची दिशा सांगणारी छटाच बुजते. मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी व तेथेंच थांबावें.

आणि घेतल्या दिवशीं चिठ्ठी लिहावी. १७६९ च्या ऑक्टोबरांत कॅप्टन कुकचें जहाज न्यूझीलंडच्या किनाऱ्यास लागलें असतां माओरी लोकांनीं कापडाच्या मोबदल्यांत आपलीं वल्हीं दिलीं. त्या वल्ह्यांच्या पात्यांवर तांबड्या रंगांत वळणदार नक्षी आहे; ती रंगविलेली आहे, डागलेली नव्हे. तीं आज निरनिराळ्या संग्रहालयांत विखुरलेलीं आहेत. माओरी चित्रकलेच्या इतिहासांत त्यांस जें मोल आहे तें केवळ सौंदर्यामुळें नव्हे. यूरोपीयांचा संबंध येण्याच्या क्षणीं ही नक्षी पूर्ण रूपांत होती, हें त्यांच्यावरून दिवसवारीनें सिद्ध होतें, कारण देवघेव त्या प्रवासाच्या दैनंदिनींत नोंदली गेली. वस्तू माओरींनीं केली. तिला कागदाचें बळ एका खलाशाच्या टिपणानें मिळालें.

आमच्या वऱ्हाडांत पाव्याचे, काठ्यांचे, फण्यांचे नग आठवडी बाजारांतून व मोडींतून संग्राहकांकडे येतात. त्यांच्याबरोबर गांवाचें नांव, विकणाऱ्याची जात नव्हे तर त्याचा धंदा, वस्तू कोणी केली व कोणी वापरली, लांकूड कशाचें, लोखंड कोणतें वापरीत (विळा, सुरी, सळई कीं चाती) आणि घेतल्याची तिथि, एवढें एका कागदावर लिहून तो कागद वस्तूस चिकटवूं नये, दोऱ्यानें बांधावा. खळीनें लांकूड डागाळतें व किडीस आमंत्रण मिळतें.